गट-सादरीकरण आणि लिहिणाऱ्याची सही

मराठीच्या महाविद्यालयीन अध्यापनात लेखन हा विषय नेहमीच दुय्यम मानला गेला आहे. साहित्याचा इतिहास, साहित्यशास्त्र, भाषाविज्ञान, वाङ्मयप्रकार यांच्या अध्यापनाविषयी चर्चासत्रे झाली, अभ्यासक्रमांवर वाद झाले. पण विद्यार्थी लिहितो कसा, त्याला लिहावयास कोण शिकवतो आणि त्याने लिहिलेले कोण वाचतो, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतात असे फारसे कोणाला वाटले नाही. उपयोजित मराठी, व्यावहारिक मराठी, सर्जनशील लेखन अशा नावांनी लेखनाचा तास अभ्यासक्रमात आला, तेव्हाही साहित्याच्या प्राध्यापकांनी तो काहीशा नाइलाजानेच पत्करला. पुढे श्रेयांक पद्धती आली, अंतर्गत मूल्यमापन आले, २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण संलग्नित महाविद्यालयांच्या पदवीवर्गांपर्यंत पोहोचले, आणि या वाटचालीत लेखनाच्या तासाला एक नवे रूप प्राप्त झाले. ते रूप म्हणजे गट-सादरीकरण. हे रूप सर्वत्रच रुळत चालले असले तरी त्याची खरी किंमत नांदेड-लातूरसारख्या भागात मोजावी लागते. कारण येथे वर्गात बसलेल्या मुलामुलींपैकी अनेक जण आपल्या घरातील पहिलेच लिहिणारे असतात. या मुलांच्या बाबतीत गट-सादरीकरणाने लेखनाच्या तासातून लेखनच हद्दपार केले आहे. विधान कठोर आहे, पण ते सौम्य करण्याजोगे काही दिसत नाही.

या उपक्रमाचे स्वरूप एव्हाना ठरून गेले आहे. साठ-ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गाचे आठ-आठ जणांचे गट पाडले जातात. प्रत्येक गटाला एकेक विषय नेमून दिला जातो : बातमीलेखन, जाहिरातीचा मसुदा, मुलाखतीचे तंत्र, ग्रामीण कथेची लक्षणे, एखाद्या कादंबरीचा परिचय. पंधरा दिवसांनी गट वर्गापुढे उभा राहतो. एक जण प्रास्ताविक करतो, एक जण बोलतो, एक जण पडद्यावरच्या स्लाइड पुढे सरकवतो, रात्री जागून सुंदर अक्षरात तक्ता लिहिलेली एखादी मुलगी तो तक्ता धरून उभी राहते, आणि अखेरीस कोणीतरी आभार मानतो. उरलेले नुसते उभे असतात. हा घाट विवेचनाचा नाही, वादाचा तर नाहीच; तो समारंभाचा घाट आहे. प्रास्ताविक, परिचय, मनोगत, आभार हा कोणत्याही जयंती-पुण्यतिथीच्या कार्यक्रमाचा क्रम या मुलांनी लहानपणापासून गावात आणि शाळेत पाहिलेला असतो. सादरीकरण म्हणजे नेमके काय करावयाचे हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून ती हाताशी असलेला साचा उचलतात. यात त्यांचा दोष नाही. पण समारंभाचा एक नियम असतो : तेथे कोणी कोणाचे खंडन करीत नाही. ‘आमच्या गटाचे मत असे आहे की’ या शब्दांनंतर जे येते ते गटातील कोणाचेच मत नसते. ते मार्गदर्शक पुस्तकातून, इंटरनेटवरून आणि अलीकडे तर मागितल्याबरोबर मजकूर तयार करून देणाऱ्या यंत्राकडून आलेले असते, आणि आठ जणांपैकी कोणालाही ते आपले म्हणून राखावे असे वाटत नाही.

सादरीकरणानंतरची पायरी याहून अधिक उद्बोधक आहे. ‘या उपक्रमातून तुम्ही काय शिकलात’ यावर प्रत्येकाने एक पान लिहून द्यावयाचे असते. लेखनाच्या संपूर्ण अभ्यासपत्रिकेत विद्यार्थ्याने एकट्याने, स्वतःच्या नावावर लिहिलेले हे कित्येकदा एकमेव पान असते. आणि ते पान वाचावयास घेतले की ऐंशी पानांत एकच पान ऐंशी वेळा लिहिलेले आढळते : सभाधीटपणा वाढला, संघभावना वाढीस लागली, सहकार्याचे महत्त्व कळले, विषयाचे सखोल ज्ञान मिळाले. जेथे व्यक्तीला एकटे सोडले तेथेही गटच बोलतो. वस्तुतः या पानात लिहिण्याजोगे किती होते! विषय कोणी निवडला, कोणाची सूचना हसण्यावारी नेली गेली, बोलण्यासाठी अमक्यालाच का पुढे केले, तक्ता लिहिणे मुलींकडेच का आले, एका मुलाने लिहून आणलेली दोन पाने न वाचताच बाजूला का ठेवली गेली. या प्रत्येक प्रश्नात जात आहे, लिंगभाव आहे, गाव आणि शहर आहे, बोली आणि प्रमाणभाषा आहे. ज्याला साहित्याच्या परिभाषेत अनुभवविश्व म्हणतात ते येथे समोर उभे असते. पण ते मागितलेलेच नसते. मागितलेले असते ते प्रमाणपत्र. विद्यार्थी हुशार असतो, मागितलेले तेवढेच देतो.

असे का होते हे समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘नॅक’, त्याच वर्षी अस्तित्वात आली. या विद्यापीठातील अध्यापन जणू जन्मापासूनच मूल्यांकनाच्या सावलीत वाढले. विद्यार्थिकेंद्री, सहभागी आणि अनुभवाधिष्ठित अध्ययनाचा पुरावा परिषदेला हवा असतो. ही मागणी मुळात गैर नाही. परंतु पुरावा म्हणून काय सहज दाखवता येते, यावर अध्यापनाचे रूप ठरू लागले की गोष्ट बिघडते. ऐंशी विद्यार्थ्यांनी खाडाखोड करून लिहिलेली पाने हा पुरावा होऊ शकतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पडद्यापुढे ओळीने उभ्या असलेल्या गटाचे, स्थळ-वेळेची नोंद असलेले छायाचित्र मात्र लगेच पुरावा होते. लेखनाची क्रिया छायाचित्रात येत नाही. एक मुलगी वही उघडून बसली आहे आणि अर्ध्या तासात तिने तीनच ओळी लिहून त्यातल्या दोन खोडल्या आहेत, याचे छायाचित्र काढून कोणत्या फायलीत लावणार?

शिक्षकाची अडचण तर खरीच आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून या प्रश्नाची चर्चा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पदे रिक्त आहेत, वर्ग मोठे आहेत, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला वर्गात घालवलेल्या तासाचे मानधन मिळते, घरी बसून पाने तपासल्याचे मिळत नाही. हिशेब सरळ आहे. ऐंशी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दोन पाने लिहिली आणि प्रत्येकाला दहा मिनिटे दिली, तर आठशे मिनिटे, म्हणजे तेरा तासांहून अधिक वेळ लागतो. त्याच वर्गाचे दहा गट केले आणि प्रत्येकाला आठ मिनिटे दिली, तर ऐंशी मिनिटांत सगळे उरकते. आठशेऐवजी ऐंशी मिनिटे! या दहापट बचतीवर गट-सादरीकरणाची सारी लोकप्रियता उभी आहे. शासनाने पदे भरली नाहीत म्हणून शिक्षकाने ही बचत पत्करली, असे कोणी म्हटले तर ते समजण्यासारखे आहे. आक्षेप आहे तो या बचतीला शिक्षणशास्त्राचा आणि साहित्यविचाराचा मुलामा देण्यावर. नाइलाजाला नाइलाज म्हटले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

पहिला मुलामा धीटपणाचा आहे. तांड्यावरून, वस्तीवरून आलेली, चारचौघांत बोलावयास घाबरणारी मुलगी गटाच्या आधाराने वर्गापुढे उभी राहते, हा लाभ थोडा आहे काय, असे विचारले जाते. लाभ थोडा नाही. ज्या घरातील बाई ग्रामसभेतही पदर तोंडाशी धरून मागे बसते, त्या घरातील मुलीने फळ्यापुढे उभे राहणे ही घटना लहान मानण्याचा अधिकार शहरी सुखवस्तू समीक्षेला नाही. पण ती उभी राहून काय बोलते? तिच्या वाट्याला दोन वाक्ये येतात आणि ती दोन्ही गटातील सफाईदार मुलाने लिहून दिलेली असतात. ती पाठ करते, म्हणून दाखवते, सुटते. याला पाठांतर म्हणतात. उच्चाराचा आणि सभाधीटपणाचा तास वेगळा ठेवावा, अवश्य ठेवावा. पण पाठ केलेली परकी वाक्ये म्हणण्याला लेखनाचे शिक्षण म्हणणे ही फसवणूक आहे, आणि ती त्या मुलीचीच आहे.

येथे लातूर पॅटर्नचा उल्लेख करणे भाग आहे. १९९०च्या दशकात राज्यभर गाजलेल्या या पद्धतीची साहित्याच्या वर्तुळांत पुरेशी टिंगल झाली आहे. घोकंपट्टी, गुणांची शेती, ट्यूशन एरियातल्या खोल्यांत कोंडलेली मुले, अशी तिची चित्रे रंगवली गेली, आणि ती सर्वस्वी खोटी नाहीत. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या पद्धतीत सराव परीक्षा पुन्हापुन्हा होत, उत्तरपत्रिका तपासल्या जात आणि चूक कोठे झाली हे ज्याच्या त्याच्या पदरात ज्याचे त्याला घातले जात असे. उत्तर ठरलेले होते हे खरे. पण उत्तरपत्रिका एकेकाची होती आणि तिच्यावर एकेकाचे नाव होते. भौतिकशास्त्राच्या मुलाचे पान न् पान वाचणारी व्यवस्था ज्या शहराने उभी केली, त्याच शहरात मराठी लिहिणाऱ्या मुलाचे पान वाचावयास कोणाला वेळ नसावा, आणि त्या मराठीवाल्यांनी वर लातूर पॅटर्नला सर्जनशीलतेचा शत्रू ठरवावे, यातील विसंगती कोणालाच कशी बोचत नाही?

दुसरा मुलामा अधिक भारदस्त आहे, कारण तो सिद्धान्ताचा आहे. लेखन ही मुळात सामाजिक क्रिया आहे, लेखक ही संकल्पना अर्वाचीन आणि भांडवली आहे, संहिता अनेक संहितांनी विणलेली असते, तेव्हा एकट्या लिहिणाऱ्याचा आग्रह हा रोमँटिक अवशेष होय, असा हा युक्तिवाद. १९६७ मध्ये रोलाँ बार्थने लेखकाचा मृत्यू घोषित केला, आणि त्याचा पडसाद आपल्याकडे उमटावयास फार काळ लागला नाही. परंतु बार्थ ज्या लेखकाला निरोप देत होता तो फ्रेंच वाङ्मयीन संस्कृतीत दोन-तीन शतके सिंहासनावर बसलेला लेखक होता. देगलूर तालुक्यातील ज्या मुलाच्या आजोबाने आयुष्यभर अंगठा उठवला आणि ज्याचा बाप सहीपुरते अक्षर शिकला, त्या मुलाच्या वर्गात जाऊन लेखक मेला असल्याचे सांगणे म्हणजे पाळण्यापाशी उभे राहून तेराव्याची पत्रिका वाटणे होय.

शिवाय ज्या अमेरिकी अध्यापनविचारातून गटकार्याची ही कल्पना आली असे सांगितले जाते, तो विचार मुळातून पाहिला तर निष्कर्ष उलटाच निघतो. न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांच्या १९६९ मधील संघर्षानंतर १९७० मध्ये सर्वांना प्रवेश खुला केला. आजवर विद्यापीठाचे दार न पाहिलेली मुले वर्गात आली आणि त्यांना लिहावयास कसे शिकवावे, हा प्रश्न उभा राहिला. नांदेड-लातूरच्या परिस्थितीशी याहून जवळचे साम्य शोधून सापडणार नाही. त्या प्रश्नाला तेथे दोन उत्तरे मिळाली. ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या केनेथ ब्रुफी यांनी सहयोगी अध्ययनाची बाजू मांडली. पण त्यांच्या पद्धतीचा गाभा, प्रत्येकाने आपला मसुदा लिहावा आणि सोबत्यांनी तो वाचून त्यावर लेखी अभिप्राय द्यावा, हा होता. म्हणजे गट लिहिण्यासाठी नव्हता, वाचण्यासाठी होता. सिटी कॉलेजातील मीना शॉनेसी यांनी सुमारे चार हजार विद्यार्थ्यांचे प्रवेशनिबंध वाचले आणि १९७७ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, या मुलांच्या चुका बेशिस्त नसतात; त्यांना एक तर्क असतो, आणि तो शोधणे हे शिक्षकाचे काम आहे. चार हजार निबंध, एकेक करून! आपल्याकडे या विचारातील ‘गट’ हा शब्द तेवढा आला. मसुदा, वाचन आणि चूक हे तिन्ही तेथेच राहिले.

चुकीचा तर्क हा मुद्दा या भागात तर कळीचा आहे. नांदेड आणि लातूर हे भाषांच्या सीमेवरचे जिल्हे आहेत. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू घरात आहे, उदगीर-निलंग्याकडे कन्नड आहे, किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे, आणि दखनी तर बाजारात आणि मोहल्ल्यात सर्वत्र. मराठीही प्रमाण मराठी नाही. येथला मुलगा घरी ‘करूलालाय’ म्हणतो, ‘मपलं’ आणि ‘तुपलं’ म्हणतो. ‘करू लागला आहे’ या शब्दबंधाचा ‘करूलालाय’ होणे हे अडाणीपण नव्हे; क्रिया चालू असल्याचे सांगणारे एक नेटके, नियमबद्ध क्रियारूप बोलीने घडवले आहे. हा मुलगा एकटा लिहावयास बसला तर त्याच्या पानावर कोठेतरी हे रूप उतरते. शिक्षकाने त्याभोवती लाल वर्तुळ काढले तरी निदान भाषेशी भाषेची गाठ पडते. वर्तुळाऐवजी प्रश्न विचारला, तर व्याकरणाचा सर्वांत जिवंत धडा तेथे सुरू होऊ शकतो. गटात मात्र हे रूप पानावर येण्याआधीच गळून पडते. कारण गट स्वतःच गाळणी असतो. लिहिण्याचे काम आपोआप त्याच्याकडे जाते ज्याची भाषा पुस्तकाशी सर्वांत जवळची आहे, आणि इतर सात जण सुटकेचा निःश्वास टाकतात. बोलींना गप्प करण्यासाठी कोणत्याही पंतोजीला छडी घ्यावी लागत नाही. मुलेच एकमेकांना गप्प करतात, तेही सहकार्याच्या भावनेने.

यातील क्रूर विनोद अभ्यासक्रमातच आहे. रा. रं. बोराडे हे लातूर तालुक्यातील काटगावचे. १९७१ मधील त्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी एका शिंप्याच्या घरातील बाईच्या तोंडून, तिच्याच बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलते. प्र. ई. सोनकांबळे उदगीर परिसरातून आलेले. त्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये आले आणि भूक नावाच्या अनुभवाला या मातीतले गद्य मिळाले. दोघेही महाविद्यालयांत शिकवणारे होते. प्रमाणभाषा त्यांना येत नव्हती म्हणून ते बोलीकडे गेले नाहीत. आता ‘पाचोळा’वरील गट-सादरीकरणाची कल्पना करावी. तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर हमखास एक मुद्दा असतो : बोलीभाषेचा प्रभावी वापर. हा मुद्दा निर्दोष प्रमाण मराठीत वाचून दाखवला जातो. त्याच वेळी ती बोली जिची मायबोली आहे अशी मुलगी शेजारी तक्ता धरून उभी असते. बोली हा साहित्यकृतीचा गुणविशेष म्हणून परीक्षेला येतो. लिहिण्याची भाषा म्हणून तिला वर्गात मज्जाव असतो. ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, देशीयता या विषयांवर इतकी वर्षे लेखण्या झिजवणाऱ्या विभागांनी आपल्याच वर्गातील ही व्यवस्था एकदा डोळसपणे पाहावी.

तिसरा युक्तिवाद परंपरेचा आहे, आणि भारतीय ज्ञानपरंपरेचा घोष सुरू झाल्यापासून त्याला विशेष बळ आले आहे. आपली परंपरा सामूहिक आहे, ओवी कोणा एकीची नसते, भजन एकट्याने होत नाही, व्यक्तिवादी लेखन ही पाश्चात्त्य देणगी, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आणि तपशिलात साफ खोटा आहे. मराठी परंपरेतील सामूहिकता म्हणजे सह्या पुसणारी सामूहिकता नव्हे. अभंगाला नाममुद्रा लागते. नामदेवाच्या घरात आई गोणाई, पत्नी राजाई, मुले, सून लाडाई यांच्या नावांवर अभंग आहेत, आणि घरकाम करणारी गंगाखेडची जनाबाई तर मराठी कवितेतील थोर नाव आहे. एका घराचा एवढा मोठा गट, पण ‘नामदेव-कुटुंबाचा अभंग’ असा प्रकार अस्तित्वात नाही. दासीसुद्धा आपल्या नावाने बोलते. किंबहुना ती दासी होती म्हणूनच तिला नावाने बोलणे अगत्याचे होते. जात्याच्या खुंट्यावर दोघींचे हात असतात हे खरे. परंतु एकीची ओवी संपली की दुसरी आपली जोडते, आणि आपल्या भावाचे, आपल्या लेकीचे नाव तीत गुंफते. सोबत असते, ती दळण्याची.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला मराठी गद्याच्या आरंभीच आहे. लीळाचरित्र हे खऱ्या अर्थाने सामूहिक रचित आहे. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून, त्या एकत्र केल्या. एका माणसाने शब्दबद्ध केलेल्या या ग्रंथाच्या मागे अनेकांची स्मृती उभी आहे. मूळ पोथी नष्ट झाल्यावर तो पुन्हा आठवणीतून सिद्ध करावा लागला आणि निरनिराळे पाठ निर्माण झाले. त्या वेळी महानुभावांनी काय केले? सर्वांना एकत्र बसवून सर्वसंमत असा एकच गुळगुळीत मजकूर तयार केला नाही. एखादी लीळा कोणाच्या आठवणीत कशी आहे, हे त्यांनी नावानिशी नोंदवले. अशा भिन्न पाठाला त्या परंपरेत ‘वासना’ असा सुंदर शब्द आहे. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ एका बाईच्या स्मरणशक्तीची साक्ष देतो. गट होता, श्रद्धाही एकच होती, तरी मतभेद राखून ठेवण्याइतकी बौद्धिक शिस्त त्या गटात होती. ज्यांना परंपरेचा आधार हवा आहे त्यांनी तो येथून घ्यावा. मग गट-सादरीकरणाचे आजचे रूप एक दिवसही टिकणार नाही.

बोलण्यातून लेखन घडत नाही असेही कोणाचे म्हणणे नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर मराठी शिकवत होते, पुढे तेथेच प्राचार्य झाले, आणि १९८२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे पुष्कळसे विचारधन व्याख्यानांतूनच लोकांपुढे आले. त्यांच्या लेखनातही वक्त्याचा श्वास आहे. पण त्या बोलण्याला एक जबाबदार माणूस होता. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडावे आणि मग त्याचा समाचार घ्यावा, ही त्यांची रीत. आणि समाचार घेणारा कोण आहे हे श्रोत्याला ठाऊक असे, उत्तर कोणाला द्यावयाचे हेही ठाऊक असे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असलेल्या या प्रदेशात, विलीनीकरणानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयातून वादाची ही परंपरा वाढली. ती ज्या शहराला मिळाली तेथील वर्गात वादच अशक्य करणारा घाट शिक्षणपद्धती म्हणून रुळावा, हे नुसते दुर्दैव नाही. कोणीतरी ते चालवून घेत आहे.

नोकरीच्या बाजारात संघकार्य लागते, हा चौथा युक्तिवाद. त्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. पीकविम्याची तक्रार, वारसनोंदीचा अर्ज, माहिती अधिकारातील अपील, बदलीविरुद्धचे निवेदन ही पाने या विद्यार्थ्याला आयुष्यात लिहावी लागणार आहेत, आणि त्यांपैकी एकाही पानाखाली ‘गट क्रमांक ४’ अशी सही चालत नाही.

गट मोडून टाकावेत, असा याचा अर्थ नाही. क्रम उलटा केला पाहिजे. आधी प्रत्येकाने एक पान लिहावे, आपल्या नावाने, आपल्याला येते त्या मराठीत. मग तिघा-चौघांच्या गटात ती पाने फिरावीत आणि वाचणाऱ्याने समासात आपले नाव घालून एक तरी प्रश्न लिहावा. शिक्षकाने दर आठवड्याला वर्गाच्या चौथ्या हिश्श्याचीच पाने घ्यावीत. वीस पाने दहा मिनिटांप्रमाणे दोनशे मिनिटांत होतात, आणि महिन्याभरात प्रत्येकाचे एक पान कोणीतरी जाणत्याने वाचलेले असते. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकासाठी हे दोनशे मिनिटांचे वाचन कामाच्या तासांत धरले जावे, ही मागणी विद्यापीठाकडे करणे हे मराठीच्या अभ्यास मंडळांचे काम आहे. अभ्यासक्रमाच्या नव्या नावांवर होणाऱ्या बैठकांत तेवढा वेळ निघू शकतो.

आणि सादरीकरण व्हावयाचेच असेल तर त्यावरील चिंतनाचे पान नव्याने मागावे. काय शिकलात, हा प्रश्न काढून टाकावा. काय घडले, एवढेच विचारावे : पहिल्या बैठकीला कोण आले होते, विषय कसा ठरला, तुमचे कोणते वाक्य गाळले गेले, ते कोणी गाळले, ते तुमच्या मते राहावयास हवे होते काय. आठ जणांच्या गटाकडून एकाच प्रसंगाची आठ वृत्ते येतील आणि ती जुळणार नाहीत. ती तशीच, नावांसह, शेजारी शेजारी ठेवून वर्गात वाचावीत. ज्या मुलाने बोलण्याचे काम केले त्याच्या पानात तक्ता लिहिणारी मुलगी कदाचित नसेलच. तिच्या पानात तो असेल. गुण द्यावयाचे झाले तर या आठ पानांना वेगवेगळे द्यावेत. एका सादरीकरणाचे गुण आठ जणांत सारखे वाटण्याची सध्याची सोय ज्यांना न्याय्य वाटते त्यांनी ते तिचे पान वाचल्यानंतर ठरवावे.